दंडावरच्या बॉलपेनच्या खुणा

"काका, बोटं उघडा," मी म्हणालो. उघडली नाहीत. उजवं मनगट खाली लोंबकळत होतं.

मी वर्ध्यात हाडांचा डॉक्टर आहे. मधुकरकाका पुलगावचे, चौऱ्याहत्तर वर्षांचे, साड्यांचे दुकानदार. दुकानाच्या पायरीवरून पडले आणि दंडाचं हाड मधोमध मोडलं. मनगट उचलणारी रेडियल नस त्या हाडाला चिकटूनच वळसा घालते. तिलाही मार बसला होता.

"गिऱ्हाइकापुढं साडी उघडून दाखवाले मनगटच लागते," काका म्हणाले. "हे नाई चाललं तं दुकानात बसून मी करू काय?"

मुलगा सुनील अस्वस्थ होता. "ऑपरेशन करून टाका ना. वाट काऊन पाहून राह्यले?"

मी समजावलं. अशा वेळी नस बहुधा तुटत नाही, चेंगरते. मग ती आपली आपण वाढते, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. उतारवयात त्याहून सावकाश. तोवर दंडाला ब्रेस, मनगटाला आधार देणारी स्प्लिंट. सांधे आखडू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने रोज व्यायाम. नसेवर टिचकी मारून दाखवली. वाढणारं टोक जिथे असतं, तिथे मारलं की अंगठ्याकडे मुंग्या येतात.

तीन महिन्यांत हाड जुळलं. मनगट हललं नाही. ईएमजी केली, म्हणजे नसेचा संदेश स्नायूपर्यंत पोचतो का ते पाहणारी तपासणी. पोचत नव्हता. आमच्या विभागाचे प्रमुख असलेले सर म्हणाले, "आणखी एक महिना. मग नस उघडून पाहू." तारीख ठरली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काका भरती झाले. बाही वर केली, तर दंडापासून कोपराच्या खालपर्यंत बॉलपेनच्या आडव्या रेघा.

"हे काय, काका?"

"तुम्ही टिचकी मारली होती ना. मी बी घरी मारून पाहतो. मुंग्या आल्या का दर सोमवारी तिथं रेघ. आंघोळीत पुसली का सून पुन्हा काढून देते."

दोन रेघांत बोटभरही अंतर नव्हतं. पण प्रत्येक रेघ आधीच्या खाली होती. मी शेवटच्या रेघेवर टिचकी मारली.

"आल्या," काका म्हणाले. "अंगठ्यापर्यंत."

मी त्यांना माझ्या हाताविरुद्ध कोपर वाकवायला सांगितलं. त्याच नसेवर चालणारा कोपराजवळचा स्नायू माझ्या बोटाखाली किंचित ताठ झाला. महिन्यापूर्वी तो मेल्यासारखा होता.

सरांना बोलावलं. त्यांनी स्वतः टिचक्या मारल्या, रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उद्याची केस कॅन्सल करा."

नस वाढते हे मी पुस्तकात वाचलं होतं, शेकडो पेशंटना सांगितलंही होतं. तिची वाट अशी कातडीवर आखलेली कधी पाहिली नव्हती. आत कुणी रस्ता दाखवायला नाही, आणि ती नेमकी आपल्या स्नायूकडे निघालेली. मी त्या हाताचा फोटोही काढला नाही. सुचलंच नाही.

दीड महिन्यात मनगट टेबलावरून उचललं गेलं. वर्षभरात काका पुन्हा गादीवर बसून साड्या दाखवू लागले. अंगठा थोडा कमजोर राहिला, तो राहिलाच.

चूक माझी होती. ईएमजीचा रिपोर्ट हातात आल्यावर मी टिचकी मारणं सोडून दिलं होतं. टिचकीला अर्धं मिनिट लागतं. आता कितीही गर्दी असली तरी मारतो.