परक्या खात्यावर माझी चप्पल

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला त्या साइटवर आणलं. अशा लहान लहान साइट पुष्कळ आहेत, प्रत्येक कोणीतरी वेगळा माणूस चालवतो. पण आतून त्या एकमेकींना जोडलेल्या. त्यामुळे माझं खातं लिहिण्याच्या साइटवर असलं, तरी फोटोंच्या दुसऱ्याच साइटवरच्या माणसाला मी फॉलो करू शकत होते. नाव द्यायची सक्ती नव्हती. मी दिलं नाही.

तसंच एक बिननावाचं खातं मला सापडलं. रोज एक फोटो. झाडाची साल, कोळ्याचं जाळं, भिंतीत उगवलेला पिंपळ. खाली एखादी कोरडी ओळ : 'कोणी लावला नाही, म्हणून जगला.' मी हसून उत्तर लिहिलं, तिकडूनही आलं. वर्षभरात त्या अनोळखी माणसाला मी बरंच सांगून बसले. आई गेल्यापासून बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये मी आणि बाबा दोघंच. बाबा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. 'मी घरी आले की ते टीव्हीकडे बघतात, माझ्याकडे नाही,' हेही लिहिलं.

मग एका रविवारी सकाळी फोटो आला तो चपलेचा. डाव्या पायाची, तपकिरी, अंगठ्यापाशी नवे टाके. खाली ओळ : 'शिवून आणली. तिच्या लक्षात येणार नाही.'

चहा तसाच टाकून मी दाराशी गेले. चप्पल माझी होती. टाके तेच. फरशीचा उडालेला टवकासुद्धा तोच. मी तिथेच खाली बसले.

बाबा बाल्कनीत पेपर वाचत होते. मी मोबाईल पुढे धरला. "हे तुम्ही?"

त्यांनी चष्मा वर केला. "फोटो जरा हललाय."

"बाबा, मी तुम्हालाच तुमच्याबद्दल काय काय लिहिलंय!"

"वाचलंय."

"मी आहे हे कधी कळलं?"

"आईचं लिहिलंस तेव्हा. संशय आधीपासून होता. 'किंबहुना' हल्ली दुसरं कोण लिहितं?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पेपराची घडी घातली. "बोललो असतो तर तू लिहिणं थांबवलं असतंस. मग मला काय कळलं असतं?"

तेव्हा डोक्यात लख्ख झालं : गेले कित्येक महिने मी घरात शिरले की टीव्ही बंद असायचा. मला वाटत होतं, केबल बिघडलीय. मी विचारलंही नव्हतं.

राग आला, लाज वाटली, आणि कशाचं काय करावं ते कळेना. आठवडाभर मी एक अक्षर लिहिलं नाही. त्यांचेही फोटो थांबले. मग एकदा जेवताना ते म्हणाले, "अनफॉलो केलं असशील तर सांग. उगाच फोटोसाठी सकाळी टेकडी चढायला नको."

"नाही केलं," मी म्हणाले. आणि ऑफिसात त्या दिवशी झालेलं भांडण सांगायला लागले. दोन-तीन वाक्यं झाली आणि अडले. समोर बघून बोलायची सवयच नव्हती. बाबा घास हातात धरून थांबले होते.