बिडीच्या रांगेतल्या बातम्या

मुनशीचा रेडिओ बिघडला आणि आमचा सुरू झाला, इतकं साधं आहे ते. उगाच कुणी त्याला कला-बिला म्हणू नये.

सोलापुरात आमच्या भागात तेव्हा घरोघरी बायका बिड्या वळायच्या. पानं आणि तंबाखू ब्रँचमधून घरी आणायचा, कात्रीनं पानं कापायची, दिवसभर वळत बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचा भोंगा झाला की सूप घेऊन ब्रँचच्या रांगेत बसायचं. ब्रँच म्हणजे बिडी कारखान्याची पत्र्याची एक लांबडी खोली. समोर टेबलामागं मुनशी. तो एकेक बिडी दाबून बघायचा आणि पसंत पडली नाही की बाजूला फेकायचा. त्याला आम्ही छाट म्हणायचो. छाटात गेली ती बिडी गेली, तिचा दाम नाही. माणूस वाईट नव्हता, पण सकाळी सकाळी त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं असायचं. पुण्याच्या बातम्या लागल्या की तेवढा जरा खुलायचा. त्यासाठीच कपाटावर रेडिओ ठेवला होता.

एका सकाळी तो रेडिओ खरखरला, शिंकल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाला. मुनशीनं दोन थपडा मारून पाहिल्या. मग तो राग आमच्या बिड्यांवर निघायला लागला. पुढच्या बायकांची छाट बघून मी माझ्या वाकड्या बिड्या सुपाच्या तळाशी सारल्या.

तेवढ्यात माझ्या पुढं बसलेल्या अक्कानं सुपातला बिड्यांचा एक कट्टा, म्हणजे दोऱ्यानं बांधलेली जुडी, उचलला, माईकसारखा तोंडासमोर धरला आणि मान ताठ करून म्हणाली, "नमस्कार. बातम्या देत आहे, रांगेतली एक बाई. अकलूजकडं एका शेळीला माणसाच्या तोंडाचं करडू झालेलं हाय. जन्मल्या जन्मल्या ते बोलाया लागलं."

"काय बोललं?" मी मागून विचारलं.

"बोललं, मुनशीला सांगा, छाट कमी काढ."

सगळी रांग फिदीफिदी हसली. मुनशीनं आधी डोळे वटारले, मग त्याच्या मिशा हलल्या, आणि तो हसतोय म्हटल्यावर हात आपोआप सैल पडला. त्या दिवशी छाट निम्म्यावर आली. आता सांगा, असा रेडिओ कोण बंद ठेवील?

अक्का आमच्याच गल्लीतली. घरी तेलुगू बोलायची, नवरा मागावर कापड विणायचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. मराठी झकास बोलायची, फक्त अधूनमधून "अय्यो" यायचं. चेहरा इतका गंभीर ठेवायची की नव्या बाईला वाटावं, खरंच करडू बोललं. ती बातम्या द्यायची आणि मी तज्ज्ञ. माझ्या जिभेला पहिल्यापासून हाड नाही. आई म्हणायची, "हिच्या तोंडात तोफ हाय, पण पोटात वाटाण्याएवढा धीर न्हाय." आई खरंच बोलायची.

"वेळापुरात एका लिंबाच्या झाडातून दूध गळतंय," अक्का सांगायची. "लोक तांबे घेऊन चाललेत. तज्ज्ञांचं म्हणणं काय?"

"म्हणणं इतकंच, आमच्या गवळ्यानं आपली म्हस त्या लिंबाखाली बांधावी. बघून तरी शिकंल."

किंवा, "रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं व्हत्यात. खरं हाय का?"

"साफ खोटं. आमच्या न्हाव्याची कात्री दिवसभर हवेतच वाजतीया. घरात इतकं गोड चाललंय की सातवं पोर झालं."

मांजर आडवं जाणं, पाल चुकचुकणं, एका वेळी एकच शिंक येणं, सगळ्यांची आम्ही वाट लावली. मुनशीचा रेडिओ दुरुस्त होऊन आला तर बायका ओरडल्या, "बंद करा की ते! आमच्या बातम्या राहिल्यात." आणि त्यानं केला बंद.

सगळ्यात मोठ्यानं हसायची ती अक्काची पोर. असेल आठेक वर्षांची. तिचा वरचा ओठ जन्मापासूनच मधोमध फाटलेला होता, बोलणं नाकातून यायचं. दोन दिवस ऐकलं की सगळं नीट कळायचं, पण शाळेत दोन दिवस कोण थांबतं? पोरं चिडवायची, म्हणून ती शाळा बुडवून आईच्या मागं ब्रँचला यायची. आणि लोक काय म्हणायचे, तर अक्कानं पोटुशी असताना ग्रहणात कात्रीनं पानं कापली, म्हणून पोरीचा ओठ कापला गेला. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पाठ वळली की सगळे. आमच्या रेडिओवर दुनियेभरच्या समजुती आल्या, ग्रहण कधी आलं नाही. अक्कानं ते काढलं नाही, आणि मला तेवढी अक्कल होती.

मग मला दिवस गेले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासूनं नवस बोलून बोलून देव दमवले होते. मी पण वरून खिदळत होते, पण उठता-बसता पोटावर हात असायचा. सातवा महिना लागला, ऊन रणरणत होतं, आणि मुनशीनं भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगितलं, "ह्या अमावस्येला सूर्यग्रहण हाय. दुपार कलल्यावर."

रांगेत नेहमी पहिली बसणारी एक म्हातारी होती. दातांना मिश्री लावत लावत ती माझ्याकडं वळली. "आता तरी तोंड आवर गं बाई. लई हसतीस समद्याला. न्हायतर तुझ्या बी पोराचा ओठ हिच्यावानी फाटंल." आणि सरळ बोट दाखवलं, पोरीकडं.

पोरगी हसत होती, ती थांबली. तिनं ओठावर हात धरला. अक्का सुपात बघत राहिली.

माझं डोकं असं सणकलं! कट्टा उचलला आणि म्हणाले, "ठळक बातमी! गिराण लागलं की मी पान कापणार हाय. आन् माझं लेकरू धडधाकट जन्मणार हाय. मग बघू, कुणाचं तोंड फाटतंय ते!"

बोलले खरी. घरी पोचेपर्यंत सगळी तोफ थंड झाली. सहा वर्षांनी एक जीव पोटात आलेला, आणि मी त्याची पैज लावून बसले! सासूला रांगेतून बातमी कळलीच होती. ग्रहणाच्या दिवशी सकाळीच तिनं माझी कात्री पदरात गुंडाळली आणि ज्वारीच्या डब्यात खोल दाबून ठेवली. मी चुलीपुढं बसून सगळं बघितलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. आता कुणी विचारलं तर सांगता आलं असतं, कात्रीच सापडली नाही.

दुपारी सासूनं दार-खिडक्या लावल्या, पाण्यात तुळशीचं पान टाकलं आणि मला चटईवर सरळ झोपवलं. हलायचं नाही, बोटसुद्धा मोडायचं नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, मागसुद्धा बंद. आणि अशात दार वाजलं.

"गिराणात कोण फिरतंय?" सासू ओरडली.

"मी हाय," अक्काचा आवाज. बरोबर पोरगी.

मला वाटलं, ही साक्षीला आली. मी पडल्या पडल्याच म्हणाले, "अक्का, कात्रीच सापडंना बघ."

"नको सापडू दे," ती खाली टेकली. "तेच सांगाया आले. माझ्यापायी काय बी कापू नको. तू कापलंस आन् लेकरू चांगलं झालं, तर माझ्यावरचा आळ सुटंल, खरं हाय. आठ वर्सं वाट बघते. पण तुझ्या पोटच्या जिवावर मला आळ नको सोडवून."

मी विचारलं, "पण अक्का, तू त्या दिवशी कापलं व्हतंस का गं?"

"अय्यो, कुटलं? ही पोटात व्हती, गिराण लागलं. सासूनं खोलीत बसवलं. तुझ्यागत पडून व्हते बघ, सुटंपर्यंत. पाणी प्याले न्हाय, कुशीवर वळले न्हाय. तरी ओठ फाटला. मी सांगून बघितलं. कोण ऐकतंय? लोकास्नी कात्री पायजे व्हती."

पोरगी आईकडं टक लावून बघत होती. "अम्मा, तू कापलं नव्हतंस?"

"न्हाय गं."

"मग मला का सांगितलं न्हाईस? मला वाटायचं तूच कापला."

अक्कानं तिला जवळ ओढलं. इतके दिवस ही पोर आईनंच ओठ कापला असं समजून त्याच आईच्या विनोदांना सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. मला रडू फुटायला हवं होतं. फुटला तो राग. सगळे नियम पाळूनही बाईच्या माथी हेच असेल, तर कसलं झोपायचं सरळ?

मी उठले. ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

"अगं बये! माझा नातू!" सासू धावली.

"तुमचा नातू हितंच हाय, आत्याबाई. कुटं जात न्हाय." आणि कापलं एक पान. पान वेडंवाकडं कापलं गेलं. मुनशीनं लांबूनच छाटात फेकलं असतं. सासू कपाळाला हात लावून बसली. मग गल्लीत आरोळ्या आल्या, "दे दान, सुटे गिराण!" सासूनं दोन ओंजळी जास्तच ज्वारी वाढली आणि चार दिवस माझ्याशी अबोला धरला.

त्यानंतरचे दोन महिने कसे काढले, माझं मला ठाऊक. रांगेत तज्ज्ञ बनून हसवायची, आणि घरी येऊन पोटाला म्हणायची, माझ्या अब्रूचं राहू दे, तू नीट ये बाबा. अक्का रोज विचारायची, "हलतंय का?"

कळा संपल्या, सुईण म्हणाली, "मुलगी." मी विचारलं, "ओठ?"

सासूनं दिवा जवळ नेला. बराच वेळ बघितलं. "हायत की. दोन. आन् जीभ बी तुझीच दिसतीया, कवाधरनं बोंबलतीया." मग ती मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. मीसुद्धा.

सव्वा महिना झाल्यावर लेकीला घेऊन ब्रँचला गेले. रांग मोडून बायका भोवती जमल्या. मिश्रीवाल्या म्हातारीनं लेकीचा ओठ बोटानं वर करून बघितला, टाळू बघितली, मग आपल्या जागी जाऊन बसली. मुनशी म्हणाला, "चला, बातम्या लावा की."

अक्कानं कट्टा उचलला. "नमस्कार," म्हणाली आणि कट्टा तसाच धरून पोरीकडं बघायला लागली. तेव्हा पोरीनं तिच्या हातातला कट्टा घेतला. ती कधीच चारचौघांत बोलायची नाही. उभी राहिली, मान आईसारखी ताठ केली आणि तिच्या त्या नाकातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ठळक बातमी. माझ्या आईनं त्या दिवशी काय पण कापलं नव्हतं. बातम्या संपल्या."

त्या सकाळी मुनशीनं कुणाचीच एक बिडीसुद्धा छाटली नाही.