भूमी बोलेल याची भीती

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे — आणि तरी लिहिता लिहिता दोनदा उठून दाराची कडी बघून आले. रविवार आहे, घरात कुणी नाही. मग भीती कुणाची?

कुपवाडला माझं पाळणाघर आहे. चौदा वर्षं झाली. सात मुलं, मी एकटी. त्यांच्या आया कारखान्यांत पॅकिंगला जातात. हल्लीच्या आया जागरूक आहेत, मूल सोडतानाच विचारतात, "काकू, मोबाईल दाखवत नाही ना?" मी ठणकावून सांगायची, "माझ्याकडे चालत नाही. तुम्हीच घरी देऊ नका." डोळे, झोप, बोलणं — कशावर काय परिणाम होतो, सगळं मला पाठ होतं.

आणि त्या गेल्या की मी कपाटातून टॅब काढायची. गाणी लावली की सातही तोंडं उघडायची, वरणभात दहा मिनिटांत संपायचा. मग बंद करायचा, असं ठरवलेलं. पण बंद केला की रडारड. अकराला लावलेला चारपर्यंत चालायचा. मला सोयीचं होतं — दुसरं काही नाही.

महादेवीची भूमी आठ महिन्यांची असल्यापासून माझ्याकडे. महादेवी जतकडची, सीमेलगतच्या गावातली, घरात कन्नड. भूमी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. हाक मारली तर वळायची नाही. टॅब दुसऱ्या खोलीत वाजला तर मात्र धावत यायची. म्हणजे कान ठीक होते. हे फक्त मला माहीत होतं.

एका संध्याकाळी महादेवी पायरीवर बसली. "काकू, पोरगी बोलंना की वो. शेजारची तिच्याएवढीच, नुस्ती वटवट करती. माझं काय चुकतंय सांगा की."

तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. मी म्हणाले, "घरात कन्नड, इथं मराठी. पोर गोंधळते. तू कन्नड बंद कर बघू."

तिनं ऐकलं. तिचं मराठी कामापुरतं. आधी पोरीला कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत अखंड बोलत जायची, मला आतपर्यंत ऐकू यायचं. आता — "चल." एवढंच. मग दोघी गप्प.

मिरजेच्या डॉक्टरांकडे जाताना मलाही घेऊन गेली. दिवसभर तुमच्याकडेच असते, म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं, स्क्रीन किती वेळ? महादेवी पटकन म्हणाली, "काकूंच्यात अजिबात चालत न्हाई." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "अजिबात नाही." त्यांनी ते लिहून घेतलं आणि कानाची तपासणी सांगितली. औषध देऊन झोपवलेल्या पोरीच्या कपाळाला, कानांमागे वायरी चिकटवल्या. महादेवी माझा हात धरून बसली होती. मी तो धरू दिला.

दुसऱ्या दिवसापासून टॅब बंद केला. कुणाला काही न सांगता. काही महिन्यांनी भूमीला शब्द फुटले — पाणी, दे, काकू. महादेवीनं पेढे आणले. सगळे त्या पोरीच्या बोलण्याची वाट बघत होते. मी भीत होते. अजूनही भिते. रोज साडेपाचला फाटक वाजलं की मी भूमीच्या तोंडाकडे बघते. आज काय बोलेल? एकदा कपाटाकडे बोट करून "गाणं, गाणं" म्हणाली. महादेवी हसली, "गाणी म्हणता व्हय काकू?"

"म्हणते की," मी म्हणाले.

आता महादेवी कारखान्यातल्या दुसऱ्या बाईला सांगते — कन्नड बंद कर, काकूंनी सांगितलं म्हणून माझी पोरगी सुधारली. ती बाईही ऐकते. मी तिथेच उभी असते.

मागच्या आठवड्यात महादेवीची आई गावाहून आली. भूमीला न्यायला लेकीबरोबर आली, दारातच खाली बसून दोन्ही हात पसरले. "बा, बा इल्ली." भूमी माझ्या मागे लपली. आजीनं पुन्हा हाक मारली, पुन्हा. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. महादेवी पायातल्या चपलांकडे बघत होती.

एवढं कन्नड आमच्याकडे कुणालाही कळतं. मी वाकले आणि भूमीला मराठीत सांगितलं — आजी ये म्हणते, जा.