जावईबापूंचं मोठं चाक

चहा येईपर्यंत सांगतो, पण एक अट आहे. हसायचं ते शेवटी हसा. मध्येच हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. 

झालं असं. वत्सलाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मामांनी आफ्रिकेतून येताना एक छोटा सिनेमा-कॅमेरा आणि तो सिनेमा दाखवायचा घरगुती प्रोजेक्टर आणला होता. मामा काही दिवस देवगाव रंगारीला माझ्या सासुरवाडीत राहिले आणि दिसेल त्याचं शूटिंग करत सुटले. बैल, विहीर, कोंबड्या. कोंबड्या तर किती! त्यातच मधूनमधून माझे सासरे आले. मळ्यातून चालताना, बैलाला दटावताना, आणि एकदा थेट कॅमेऱ्याकडे बघून पोट धरून हसताना. मामा परत गेले, मशीन इथंच राहिलं, आणि पुढच्या वर्षी सासरे वारले.

आता त्यांचा एक डोळे वटारलेला फोटो सोडला, तर माणूस उरला तो त्या फिल्ममध्ये. आणि या फिल्मची दुसरी प्रत नसते बरं का. कॅमेऱ्यात जी जाते तीच धुऊन येते आणि तीच मशीनला लागते. फाटली, जळली की संपलं. एवढं लक्षात ठेवा.

अडचण एकच होती. त्या मशीनला वाटीएवढीच रिळं बसायची. एक रीळ चार मिनिटांत खलास! की दिवा लावा, रीळ काढा, दुसरं घाला, दिवा मालवा. एकदा असाच दिवा लागला तेव्हा सासूबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "आत्ता कुठं मानूस दिसाया लागतंय, तेवढ्यात दिवा लागतोय."

त्या बिचाऱ्या आपल्याशीच बोलल्या होत्या. मला काही करा म्हणाल्या होत्या का? पण मी ठरलो सरकारी ऑफिसातला ड्राफ्ट्समन. कालव्यांचे नकाशे काढायचे हे माझं काम. जन्मात कधी कुदळ हातात धरली नव्हती, पण पाणी कुठून कुठं जाईल हे मी बसल्या जागी सांगायचो. मी छाती काढून सासूबाईंना म्हणालो, "आत्याबाई, पुढच्या वेळी दिवा लागणार नाही. सगळं एका रिळात."

मशीन शहरात गारखेड्याला आमच्या खोलीवर आणलं. औरंगपुऱ्यातल्या पत्रेवाल्याकडून भाकरीएवढ्या चकत्या कापून घेतल्या. तो म्हणाला, "साब, पंखा बना रहे क्या?"

"सिनेमा का चाक."

"तो छोटे चाक में क्या तकलीफ थी?"

त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. मशीनचे दोन्ही हात लोखंडी पट्ट्या ठोकून लांब केले. वरचं चाक फिल्म सोडणार, खालचं चाक ती गुंडाळून घेणार. खालच्याला फिरवायला स्प्रिंगचा पट्टा लागतो, तो अपुरा पडला म्हणून दोन स्प्रिंगा एकमेकींत अडकवल्या. मग सगळ्या छोट्या रिळांची फिल्म चिकटपट्टीनं जोडून एकच लांबलचक केली आणि वरच्या चाकावर चढवली.

वत्सला म्हणाली, "आधी घरी एकदा सगळं चालवून बघा."

मी बटण दाबलं. खालचं चाक गरगर फिरलं.

"फिरतंय की!"

"रिकामं फिरतंय ते."

"रिकामं फिरतंय ते भरल्यावरही फिरेल," मी म्हणालो. माणसाची बुद्धी फिरते ती अशी. फिल्म गुंडाळली जाईल तसं चाक जड होत जाणार, ही गोष्ट कालव्याच्या नकाशात कुठं येते?

तेवढ्यात अधिक महिना लागला आणि सासुरवाडीहून धोंड्याच्या जेवणाचं आवतण आलं. अधिकात जावई म्हणजे देव. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे. एरवीही आपल्याकडं जावयाची चूक कुणी काढत नाही. पण देवगावात अधिकात जावई चुकतच नाही, असा कायदा आहे. मी मशीन घेऊन एस.टी.त बसलो.

जेवण संध्याकाळी होतं. दुपारी धान्याच्या खोलीत खिडकीवर पोती टांगून अंधार केला. पडद्याला पांढरं काही मिळेना, तर सासूबाईंनी पेटीतून सासऱ्यांचं धुतलेलं धोतर काढून दिलं. त्या स्वतः सगळ्यात पुढं बसल्या. मेहुणा रामभाऊ, त्याची बायको सुमनवहिनी, भावकीतली माणसं, सगळी दाटीवाटीनं मागं. मशीन एका पेटीवर ठेवलं होतं आणि खालचं चाक मागल्या दाराच्या बाजूला, पेटीखाली लोंबत होतं. मी त्याच्याकडं पाठ करून उभा राहिलो.

सुरू झालं. एक रीळ संपलं, दुसरं आलं, दिवा नाही! मला काय सांगू, असा हुरूप चढला की मी बोलायलाच लागलो. ही विहीर, हा ढवळ्या, ही आपली तांबडी कोंबडी, जसं काही त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती.

मागून रामभाऊ हळूच म्हणाला, "दाजी, जरा खाली..."

"रामभाऊ, मध्ये बोलू नका. आता न थांबता बघायची सवय करा."

"बरं," तो म्हणाला.

मग कुजबुज झाली, पाचट तुडवल्यासारखा आवाज आला, मागलं दार एकदोनदा किलकिलं झालं. मला वाटलं, कौतुक चाललंय. पडद्यावर सासरे पोट धरून हसले. मग कोंबड्या. मग सासरे मळ्यातून चालत आले. म्हटलं, आता सासूबाईंचा चेहरा बघावा. वाकून बघितलं.

पुढची जागा रिकामी होती.

वळलो, तर पायाशी फिल्मचा ढीग! वाळत घातलेल्या शेवया दिसाव्यात तसा. खालचं चाक ढिम्म उभं, आणि त्याच्यावरून स्प्रिंग नुसती घसरत होती. मी मशीन बंद केलं, दिवा लावायला सांगितला आणि ढिगाकडं बघतच राहिलो. किती पाणी सोडलं आणि किती दिसतंय, हे तरी मला कळतं हो. ढीग फार लहान होता.

"बाकीची फिल्म कुठंय?"

रामभाऊनं मान खाजवली. "झालेलं व्हय? ते सुमननं तोडून नेलं की."

"झालेलं म्हणजे?"

"बघून झालेलं. लई पायात येत व्हतं. तुम्हीच म्हनलात, मधी बोलू नका."

"अहो, पण मामांच्या वेळी कधी खाली काही पडायचं का?"

"त्ये जुनं मशीन व्हतं, दाजी. हे तुम्ही केलंय. आमाला वाटलं, नव्याचं आसंच आसंल."

बघा, एवढं घर उघड्या डोळ्यांनी बघत होतं, पण अधिकात जावयाला म्हणणार कोण की तुमचं चाक बंद पडलंय?

"वहिनींनी नेलं कुठं?"

"चुलीकडं. पुरन शिजाया घातलंय न्हवं? म्हनली, चांगलं वाळलेलं दिसतंय."

मी मागल्या अंगणात अनवाणी पळालो. जमीन तापून तवा झाली होती, पण पाय पोळले हे नंतर, रात्रीच्या फोडांवरून कळलं. वाऱ्यावर कसलासा उग्र वास आला. चुलीपाशी सुमनवहिनी फुंकणी घेऊन उभ्या होत्या, अपराध्यासारख्या. आणि चुलीच्या तोंडाशी, फिल्मनं भरलेलं टोपलं पोटाशी धरून, सासूबाई बसल्या होत्या.

"एक मूठ गेली, दाजी," वहिनी म्हणाल्या. "तेवढ्यात आत्याबाई धावत आल्या."

"आत्याबाई, तुम्हाला कळलं होतं तर मला का नाही सांगितलंत?"

"जावयाला कसं सांगायचं? आन् धोंड्याच्या दिवशी?"

"पडद्यावर ते हसले, ते तरी पाहिलंत ना तुम्ही?"

"नाय. ही टोपलं भरत व्हती, तिकडंच ध्यान व्हतं; ही घेऊन निघाली, तवाच उठले."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच उठून गेली होती. आणि ते हसणं आता टोपल्यात होतं की चुलीत, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग अख्खं घर कामाला लागलं. लिंबाच्या झाडापासून गोठ्यापर्यंत माणसं उभी केली आणि टोपल्यातली फिल्म गुंता सोडवत हातोहात पुढं सरकवत गेलो. जो तो तुकडा उन्हाकडं धरून सांगायचा.

"काय दिसतंय?"

"कोंबड्या."

"तुझ्यात?"

"बैल. नाय, थांब, उलटं धरलंय. बैलच."

"तुमच्यात, काका?"

"कोंबड्याच की रं."

टोपलं उपसत आलं. वत्सला माझ्याकडं बघत नव्हती, आणि माझीही तिच्याकडं बघायची छाती नव्हती. चुलीवरचं पुरण तेवढं रटरटत होतं. तेवढ्यात गोठ्यापाशी उभ्या असलेल्या सासूबाईंचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. नखाएवढी चित्रं ती. त्यांनी एक डोळा मिटला, फिल्म सूर्याकडं धरली, आणि किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग म्हणाल्या, "पडद्यावर येतात नि जातात. हितं थांबलेत."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मी कालव्याच्या काठाकडं बघतो तसा उगाच लांब कुठंतरी बघत राहिलो.

"जावईबापू, हे बोटभर मला कापून द्या."

रामभाऊ म्हणाला, "आये, मधनंच कापलं तर मशीनमधी..."

"मशीनमधी तुम्ही कोंबड्या बघा."

मी कापून दिलं. त्यांनी तो तुकडा रुमालात गुंडाळून कनवटीला लावला, आणि घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

संध्याकाळी मला पाटावर बसवलं, ओवाळलं, ताटात तुपात बुडवलेले धोंडे वाढले. मी मान खाली घालून जेवत होतो. पण डोक्यात एकच किडा होता. सासरे सापडले, विहीर सापडली, बैल सापडले, कोंबड्या तर उरून पुरल्या. मग ती चुलीत गेलेली मूठ कसली होती?

रामभाऊ तोवर एकेक तुकडा पुन्हा बघून आला होता. ओसरीच्या दारात उभा राहून म्हणाला, "आये, लागला हिशेब. दाजी दिवाळसणाला आल्ते बघ, नवी टोपी घालून? तेवढंच जळालं."

हाय रे देवा. ती टोपी मी मामांना तीनदा पुढून-मागून दाखवली होती.

"निस्तं तेवढंच?" सासूबाईंनी विचारलं.

"व्हय. बाकी काय नुकसान नाय."

"देवच पावला," सासूबाई म्हणाल्या. अख्ख्या पंगतीनं सुटकेचा श्वास सोडला. आणि त्याच चुलीवर शिजलेला आणखी एक धोंडा त्यांनी मोठ्या मायेनं माझ्या ताटात वाढला.