टाकीच्या रेझिनची नदी

दर्यापूरचा शफीक फायबरच्या टाक्या सांधायचा. रेझिनमध्ये हार्डनर घोटून, त्यात काचेच्या धाग्यांची जाळी भिजवून त्याने तड्यावर चिकटवली, की ती टाकी पुन्हा गळली असं कुणी ऐकलं नव्हतं.

ती वर्षं वाईट होती. कपाशी उभ्याउभ्या करपायची. विहिरींचं पाणी इतकं खारट की चूळ भरवत नसे. गोडं पाणी टँकरनं यायचं आणि गल्लीच्या एकुलत्या टाकीत पडायचं. नेमका त्याच टाकीच्या बुडाला तडा गेला.

"शुक्रवारी टँकर हाय," त्याची आई खातूनबी म्हणाली. "त्याच्या आत कर रे बाप्पा. सारी गल्ली तुह्याकडं पाहून राहिली."

"अमरावतीहून रेझिन आणतो, अम्मा. टाकी ठणठणीत करून देतो."

अमरावतीच्या दुकानात शेवटचा डबा उरला होता. नवा माल सोमवारी येणार होता. डबा काखेत मारून तो बापूसाहेबांकडे डोकावला. बापूसाहेब जुने वकील. माडीवर त्यांनी खेळण्यातली आगगाडी मांडली होती, अकोल्याहून अकोटला जाणारी, मधे पूर्णेच्या पुलासकट. नदीचं पात्र शफीकनंच प्लास्टरमध्ये कोरलं होतं. वकिलांनी आणलेलं रेझिन एका थरातच संपलं होतं.

"शफीक, हे तर डबकं वाटून राहिलं," बापूसाहेब म्हणाले. "लहानपणी आमची गाडी पुलावर आली की माझी आई पूर्णेत नाणं टाकायची. खाली खाली जाताना दिसायचं ते."

शफीकनं पात्रात पाहिलं. खरंच डबकं होतं. त्याचा हात काखेतल्या डब्याकडे गेला.

"एकच थर देतो, साहेब."

तो थर घट्ट झाल्यावर पाण्याला थोडी खोली आली. तेवढ्यानं मन भरेना. त्यानं चिमूटभर गढूळ रंग घोटून आणखी ओतलं. एकदम जाड थर ओतला तर रेझिन तापून तडकतं, म्हणून तो थरामागून थर देत मुक्कामालाच राहिला. बापूसाहेबांनी मधल्या थरावर एक बारकं नाणं ठेवलं. शेवटचा थर अर्धवट ओला असताना शफीकनं ब्रशच्या टोकानं लाटा उठवल्या, पुलाच्या खांबांशी फेस काढला. नदी अशी भरून आली, की नाणं पाण्यात थरथरतंय असं वाटावं. आयुष्यात इतकं देखणं काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

मग त्यानं डबा उचलला. डबा हलका लागला.

शुक्रवारी त्यानं तड्यात चिंध्या आणि साबण कोंबला. टँकर रिकामा झाला, आणि दुपारपर्यंत टाकीतलं पाणी नालीला लागलं. खातूनबी चिखलात बसून वाटीनं घागर भरू लागली.

"काऊन रे शफीक," गंगूबाई शेजारीण म्हणाली, "लोकाइच्या टाक्या तू समुद्रावानी ठेवतं, आमचीच काऊन गयते?"

"रेझिन भेटलं नाही, मावशी."

"पोरगं दोन दिवस हिंडलं माय," खातूनबी मान वर न करता म्हणाली. "दुकानात मालच नाही त थो तरी काय करीन?"

गंगूबाई रिकामी घागर घेऊन घरात गेली. शफीकला वाटलं, तिनं आणखी बोलायला हवं होतं.

सोमवारी नवा डबा आला. टाकीखाली उताणा पडून त्यानं जाळी चिकटवली. वरून हात फिरवता फिरवता ब्रश आपोआप टोकावर आला आणि ठिगळावर बारीक लाटा उठल्या.

खातूनबी वाकून पाहत होती. "काय नक्षी काढली रे! पाण्यासारखी दिसते."

त्यानं अंगठ्यानं सगळ्या लाटा पुसून सपाट केल्या.

"डबा भेटला होता मले, अम्मा," तो टाकीखालूनच म्हणाला. "वकिलाच्या खेळण्यात ओतला म्या. नदी लय सुंदर झाली होती."

ती सरळ उभी राहिली. आता त्याला फक्त तिचे पाय दिसत होते, टाचांच्या भेगांत वाळलेला चिखल.

"हे गंगूबाईले तूच सांग," ती म्हणाली, आणि घागर घेऊन निघाली.

शफीकनं हात पुसले. समोर गंगूबाईचं दार उघडंच होतं.