नोएलच्या आईचं पान

ओल्या लोकरीच्या कोटांचा वास आला की मला आजही राग येतो. गरम रेडिएटरवर पसरलेले कोट, त्यांतून निघणारी मंद वाफ, कुणाच्या तरी पिशवीतल्या चिप्सवरचं व्हिनेगर, आणि त्या सगळ्यात मिसळलेला ताज्या फोटोकॉपीचा उबट दर्प! एखाद्याला अशा वासाने कॉलेजचे दिवस आठवतील, जुने सोबती आठवतील, मन हळवं होईल. मला मात्र एक पान आठवतं, दुसऱ्याच्या आईबद्दलचं, आणि कानशिलं तापतात. इतक्या वर्षांत हा राग विझायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. पण काही राग माणूस स्वतःच राखेखाली जपून ठेवतो. ते विझले तर आपण पुन्हा तीच चूक करू, अशी धास्ती वाटते.

दोन हजार दहाचा हिवाळा होता. डब्लिनच्या पश्चिमेला, ओंगारमधल्या आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर असलेल्या एका छोट्या कॉलेजात मी जात होते. नवरा मिलिंद ग्रँड कॅनाल डॉकला सॉफ्टवेअरमध्ये. मी त्याच्यामागून आलेली, पासपोर्टवर 'अवलंबित' असा शिक्का घेतलेली बायको. पुण्यात इंग्रजी वाङ्मयात एम.ए. केलं होतं, सात वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं होतं. इथे त्या शिक्क्यावर नोकरी करता येत नव्हती, आणि दर फॉर्मवर 'व्यवसाय' या शब्दापुढे आडवी रेघ ओढताना मनगट जड व्हायचं. अखेर बालसंगोपनाच्या एका कोर्सला नाव घातलं. तिथल्या समन्वयक बाई, ओर्ला, यांनी एक दिवस विचारलं, लेखनाच्या टेबलावर बसशील का? जिन्याखाली एक गोल टेबल आणि दोन खुर्च्या. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी तिथे यायचं, आणि त्यांच्यासारख्याच दुसऱ्या विद्यार्थ्याने त्यांना मदत करायची. पगार नव्हता, पण त्याला नाव होतं: पिअर ट्यूटर. ते नाव मी फोनवर पुण्याला आईला तीनदा सांगितलं.

टेबलाचा नियम एकच होता. पेन येणाऱ्याच्याच हातात राहील. ट्यूटरने विचारायचं, ऐकायचं, थांबायचं, लिहायचं नाही. ओर्ला पहिल्या दिवशी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली आणि म्हणाली, "एवढं जमलं की झालीस तू ट्यूटर." मला मनातून हसू आलं. सात वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला ही हात कुठे ठेवायचे ते शिकवत होती!

त्या वर्षी ते कॉलेज मोठ्या माणसांनी भरून गेलं होतं. मंदीमुळे घरं बांधणं थांबलं होतं. अर्धवट इमारतींभोवतीचे पत्रे वाऱ्यात वाजत असत, आणि उमेदीत हातोडे-थाप्या चालवलेली माणसं आता पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसत असत. नोएल त्यांपैकीच. वय अठ्ठेचाळीस, तीस वर्षं प्लास्टरचं काम. मी कुठे राहते हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "तुमची ती घरांची रांग? आतून सगळी मीच केलीय. जिन्याजवळ तडा गेलाय का? नाही ना? मग ग्रँड!" 'छान' म्हणायला तिथे सगळे हाच शब्द वापरत. वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं माझ्या जिवावर येई. तिथे सगळेच तसं करतात म्हणून तोंडाने मी 'नोएल' म्हणायचे आणि मनात एक 'अहो' जोडायचे.

काम सुटल्यावर दोन वर्षं त्यांनी अर्धांगाने पडलेल्या आईला घरी सांभाळलं होतं. आई गेली, आणि तेव्हा या माणसाच्या ध्यानात आलं की भिंतींखेरीज आणखी एक गोष्ट आपल्याला येते. ते वृद्धांच्या शुश्रूषेचा कोर्स करत होते. तो पुरा झाला तर घराजवळच्या एका वृद्धाश्रमात काम मिळण्यासारखं होतं. नाही तर पुन्हा बेकारांच्या रांगेत उभं राहणं आलं, आणि या वयात पुन्हा कोण विचारणार? त्या कोर्सचा महत्त्वाचा गृहपाठ होता, तुम्ही केलेल्या शुश्रूषेचा एक अनुभव लिहा. तो घेऊन ते माझ्यापुढे बसले.

त्यांचं पान मला अजून पाठ आहे. आई खाते. मी चमचा धरतो. मी खिडकीकडे बघतो. तिला खाताना कुणी बघितलं की तिला लाज वाटते आणि घास अडकतो. गिळल्याचा आवाज आला की पुढचा चमचा. एका वाटीला चाळीस मिनिटं लागतात. घाई केली की ती तोंड मिटते. असं दीड पान, एका खाली एक वाक्य, मध्ये कुठे नटणं नाही, थटणं नाही.

खरं सांगू? मला ते केविलवाणं वाटलं. एवढं उदात्त कर्तव्य, एवढा मातृवियोग, आणि भाषा ही अशी, किराणा मालाच्या यादीसारखी! माझ्यातली एम.ए. बाई कित्येक महिन्यांनी जागी झाली आणि पदर खोचून उभी राहिली. मी पेनाला बोट लावलं नाही, बरं का. हात मांड्यांखालीच होते. जीभ मात्र मोकळी होती. मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. आयुष्याच्या सांजवेळी. वात्सल्याची परतफेड. ममतेने ओथंबलेल्या दृष्टीने मी तिच्या मुखाकडे एकटक पाहत राहतो. या वाक्यापाशी त्यांचं पेन थांबलं. "पण मी बघत नव्हतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "वाचणाऱ्याला बरं वाटतं, नोएल." त्यांनी क्षणभर पानाकडे पाहिलं. "तू शिकलेली आहेस. तुला कळतं," असं म्हणून त्यांनी ते वाक्य गोल, जड अक्षरात लिहून काढलं. त्या संध्याकाळी बसमध्ये मी खुशीत होते. किती दिवसांनी काही तरी घडवलं होतं मी!

तीन आठवड्यांनी ते एक पत्र घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हे जरा समजावून सांग." पत्रात लिहिलं होतं की सादर केलेलं लेखन त्यांचं स्वतःचं असल्याबद्दल गंभीर शंका आहे, ते कुठून तरी उतरवलेलं दिसतं, आणि सिद्ध झाल्यास त्यांचं नाव कोर्समधून कमी होईल. त्यांच्या शिक्षिकेला संशय आला होता, कारण वर्गातल्या चर्चेत नोएल स्वतःच म्हणाले होते की भरवताना आईकडे कधी बघायचं नाही. आणि कागदावर तोच माणूस एकटक पाहत होता! "तुम्हाला कुणी मदत केली, असं विचारलं का?" मी विचारलं. "विचारलं. मी म्हटलं, अक्षर माझं आहे." मग ते ओशाळून म्हणाले, "तुझं नाव कशाला घेऊ? तू बाहेरून आलेली. तुला त्रास होईल."

माझ्या चुकीवर पांघरूण घालायला तो माणूस स्वतःची भाकरी पणाला लावून बसला होता, आणि ती चूक आहे हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं!

घरी मिलिंद म्हणाला, "अगं, सोड ना. यू वेअर जस्ट हेल्पिंग. पुढच्या महिन्यात आपलं व्हिसाचं रिन्यूअल आहे, उगाच कशाला नाव कुठे अडकवायचं?" ओर्लानेही मान तिरकी करून सुचवलं, तू काही बोलली नाहीस तरी होईल सगळं ग्रँड, पहिलीच वेळ आहे, ताकीद देऊन सोडतील. दोघंही मायेनेच बोलत होते. आणि तुमच्यापासून काय लपवू, दोन दिवस मलाही ते पटलं होतं. नियम मी मोडलाच कुठे? पेन त्यांच्याच हातात होतं. अशी पळवाट शोधणाऱ्या स्वतःच्या डोक्याचा मला आजही संताप येतो.

त्या दोन दिवसांत मला आमची शाळा आठवत राहिली. आमच्या बाई 'माझी आई' हा निबंध फळ्यावर लिहून द्यायच्या, आम्ही तो सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचो, घोकायचो आणि परीक्षेत जसाच्या तसा लिहायचो. वर्गात बावन्न मुली, आणि बावन्न वह्यांत एकच आई! पहाटे उठणारी, सडा घालणारी, सदैव हसतमुख. माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. रात्रपाळी करून साडेनऊपर्यंत झोपायची, आणि उठल्यावर पहिला चहा होईतो कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. ती कुठल्याच वहीत नव्हती. मला दहापैकी नऊ मिळाले, आणि घरी तो पेपर दाखवल्यावर तिने शांतपणे सही केली. याला कुणी नक्कल म्हटलं नाही, याला अभ्यास म्हणत. आम्हाला सुंदर वाक्यं शिकवणाऱ्यांनी खरं वाक्य लिहायचं शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण बाईंवर तरी किती खापर फोडणार? बाई कधीच्या मागे राहिल्या होत्या. ओंगारहून बसने येऊन नोएलच्या आईला तिच्याच पानातून उठवून तिथे दुसरी आई बसवणारी मीच होते.

नोएलच्या चौकशीच्या बैठकीला मी न बोलावता गेले. टेबलापलीकडे विभागप्रमुख, शिक्षिका आणि ओर्ला. अलीकडे नोएल, इस्त्रीचा शर्ट घालून, हातांचं काय करावं ते न कळून. विभागप्रमुख चष्म्यावरून पाहत म्हणाले, "प्लास्टर करणाऱ्या माणसाला 'आयुष्याची सांजवेळ' सुचते, हे आम्ही मानायचं?" आणि जरासे हसले. शेजारची शिक्षिका हसली नाही, पण तिने खालीही पाहिलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एखाद्या डॉक्टरच्या मुलाने हेच वाक्य लिहिलं असतं तर त्याची पाठ थोपटली असती यांनी! मी उभी राहिले आणि म्हणाले, "सुचली नाही. मी सांगितली. सगळी वाक्यं माझी आहेत, आणि त्यांनी एकदा मला थांबवलंही होतं." आवाज चढला होता. ओर्लाने डोळे मिटून घेतले. नोएल हळूच म्हणाले, "बस खाली, अगं." पण मी बसले नाही.

पुढचं आटोपतं सांगते. नोएलना त्याच दुपारी, शेजारच्या खोलीत, देखरेखीखाली, तोच प्रसंग नव्याने लिहायची मुभा मिळाली. मला टेबलावरून काढलं आणि तिथेच बसून लेखी जबाब द्यायला सांगितलं. नोएल पास झाले आणि त्यांना वृद्धाश्रमातलं काम मिळालं, हेही आत्ताच सांगून टाकते, कारण मला जे सांगायचंय ते त्यानंतरचं नाही, त्या खोलीतलं आहे.

त्यांचं लिहून झालं चाळीस मिनिटांत. त्यांनी कागद दाराशी बसलेल्या बाईंकडे दिला आणि माझी वाट पाहत मागच्या खुर्चीवर बसले. माझी तीन पानं भरली होती आणि तिन्ही खोडली होती. परकीय भूमी, भाषेवरील निस्सीम प्रेम, सद्हेतूने घडलेला प्रमाद! काय एकेक वाक्य होतं! लिहिताना मलाच माझी शिसारी येत होती, आणि तरी हात थांबत नव्हता. नोएल उठले, खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले. दारातल्या बाईंनी पाहिलं आणि पुन्हा आपल्या मासिकात डोकं घातलं.

"अडलंय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"माझं पान तू पहिल्यांदा वाचलंस, तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

असा प्रश्न विचारायला मला त्या टेबलावर बसवलं होतं, आणि मी तो कुणालाच कधी विचारला नव्हता. मी रडत नव्हते, चिडले होते, आणि त्या चिडीतच उत्तर दिलं. "गरीब वाटलं. अडाण्याचं वाटलं. असं पान माझ्या टेबलावरून गेलं तर माझी लाज निघेल, असं वाटलं."

त्यांचे कान लाल झाले. आधी शिक्षिकेने, मग विभागप्रमुखांनी जे सुचवलं होतं, तेच मी तोंडावर बोलले होते. ते बोलले तेव्हा आवाज थंड होता. त्यांचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

"मग तेच लिही."

मी लिहिलं. साडेतीन ओळी झाल्या. त्यांनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला, एकेका शब्दावर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचला, आणि पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

"खाली नाव घाल," ते म्हणाले. "पूर्ण."