तात्यांच्या दहाव्याला मी केलेली चाचणी

कावळा तात्यांच्या पिंडाला शिवला तेव्हा माझ्या दोन्ही कानांत बिनवायरीचे इअरबड होते आणि त्यांची आवाज अडवणारी यंत्रणा पूर्ण क्षमतेने सुरू होती. कावळा माझ्यामुळेच शिवला, असे गावाचे मत आहे. मला ते खोडून काढता येत नाही, कारण त्या क्षणी काय घडले हे घाटावरच्या सर्व उपस्थितांपैकी फक्त मलाच माहीत नव्हते!

मी वीस वर्षे वृत्तपत्रात काढली. आता नगरला, सावेडीतल्या एका फ्लॅटमध्ये एकटा राहतो आणि एका पुरवणीसाठी बाजारात येणाऱ्या वस्तूंची परीक्षणे लिहितो. पंखे, मिक्सर, मोबाईल. (लग्नाचा विषय मी 'पुढच्या अंकात घेऊ' म्हणून ठेवत गेलो आणि तो अंक निघालाच नाही.) त्या पंधरवड्यात इअरबड आले होते. किंमत मधली: पैसे मोजताना जड जाईल, पण घेऊन मिरवता येणार नाही, अशी.

चाचणीची पद्धत सोपी असते. आधी गोंगाटात बसायचे, मग बड घालायचे, मग फरक लिहायचा. मी पहिल्याच पायरीला अडलो. माझ्या घरात अडवण्याजोगा आवाजच नव्हता! फ्रीज होता, पण तो जरा वेळ घरघरून गप्प बसायचा. पंखा बिनआवाजाचा निघाला (त्याला मीच चांगले गुण दिले होते). शेवटी मिक्सर रिकामा फिरवला आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. आवाज कमी झाला. मिक्सरही जळाला.

दुसरी चाचणी फोनची. आपला आवाज समोरच्याला कसा ऐकू जातो, हे पाहायचे. त्यासाठी समोर कोणीतरी लागते. आजवर हे काम तात्या करायचे. तात्या म्हणजे माझे चुलते, नेवाशाजवळ वस्तीवर राहायचे.

"कोन, दत्ता? परत काय नवीन घेतलंस का?"

"आवाज कसा येतोय, तात्या?"

"हिरीतनं बोलतूस जनू."

चाचणी एवढ्यातच संपायची. पुढचा पाऊण तास ते उसात दिसलेल्या बिबट्याची आणि पाटपाण्याच्या पाळीची खबर द्यायचे. परीक्षणे महिन्याला एक असत. फोन आठवड्याला तीन होत (सगळे चाचणीसाठीच, अर्थात!).

या वेळी मी त्यांचा नंबर काढला आणि तात्यांना जाऊन सहा दिवस झालेत हे आठवले. तो नंबर तसाच सोडून मी बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावला. "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असे एक बाई म्हणाली. इतके कोणी म्हटले की मी फोन ठेवत नाही. अकरा मिनिटे ऐकत बसलो.

परीक्षण देण्याची मुदत आणि तात्यांचा दहावा एकाच दिवशी आले. मी बड खिशात टाकले आणि पहाटेची एसटी पकडली. वस्तीवर त्या दिवसांत एकच प्रश्न होता: काकी आता कुठे राहणार? वस्तीवर एकटीला ठेवायची सोय नव्हती. मुलगा विलास याची पुण्यात दीड खोली, त्यात चार माणसे. लेक सुनंदाच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. जो तो "बघू की, दहावं तर होऊ द्या" म्हणत होता. मीही तेच म्हटले होते. माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या, पण मला कोणी विचारले नाही आणि मी विषय काढला नाही.

घाटावर थंडी होती. पुतण्या म्हणून माझेही डोके भादरण्यात आले. भादरलेल्या डोक्याला वारा लागतो म्हणून मी टॉवेल गुंडाळला, अगदी कानांवरून. पिंड मांडले गेले. भटजी मागे सरले. समोरच्या बाभळीवर पाच कावळे बसले होते. पाचही जण दुसरीकडे बघत होते.

विलास हात जोडून पुढे झाला. "तात्या, बांधाचं भांडण मिटवतो."

कावळे हलले नाहीत.

"या म्हयन्यात मिटवतो!"

कावळे हलले नाहीत, पण पलीकडच्या बांधाचा मालक हलला. "ऐकलं का समद्यांनी? या म्हयन्यात म्हनलाय!" तो साक्षीदार गोळा करत फिरू लागला.

सुनंदाने पिंडाजवळ जिलबी ठेवली. "खावा तात्या, आता शुगरची गोळी न्हाई." एका कावळ्याने जिलबीकडे पाहिले आणि पंखाखाली चोच घालून खाजवले. कोणी तंबाखू ठेवली, कोणी कपभर चहा. एकाने तात्यांचा चष्मा ठेवला. "दिसत नसंल त्यांना, कुठं बसायचं ते!"

तिकडे मंडपात श्रद्धांजलीची भाषणे चालू होती. कावळा शिवेपर्यंत माइक सोडायचा नाही, असा आमच्याकडच्या पुढाऱ्यांचा रिवाज आहे. तिसऱ्या वक्त्याने तात्यांना 'सहकारातला वटवृक्ष' म्हटले. (तात्या सोसायटीच्या सभेला जात ते फक्त भांडायला.) शेजारी जनरेटर धडधडत होता, दोन कर्णे घाटाकडे तोंड करून लावले होते, नदीवरून वारा येत होता. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटले, इतकी चांगली प्रयोगशाळा पुन्हा मिळणार नाही!

मी टॉवेलखाली हात घातला आणि बड चढवले.

नोंद अशी : जनरेटर तत्काळ नाहीसा. वारा निम्म्याहून कमी. मधल्या किमतीचे बड माणसाचे बोलणे मात्र पूर्ण अडवत नाहीत. वटवृक्ष अंधूक ऐकू येतच होता. म्हणून मी सोबत फोनवरून तंबोऱ्याचा सूर लावला. मग सगळेच गेले. घाट भरून माणसे होती, त्यांची तोंडे हलत होती आणि त्यातले एकही अक्षर माझ्यासाठी नव्हते. हे दृश्य मला नवीन नव्हते. सावेडीत रोज संध्याकाळी मी बाल्कनीतून तेच पाहतो. मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा काकी माझ्यासमोर उभी होती. पलीकडे बसलेल्या बायकांमधून उठून ती थेट माझ्याकडे आली होती. ती काहीतरी बोलली. घाटावरचे सगळे माझ्याकडे बघत होते.

इथे बड काढणे हा योग्य मार्ग होता. पण दहाव्याला, भादरलेल्या डोक्याने, टॉवेलखालून इअरबड कसे काढायचे? पत्रकार परिषदेत काही ऐकू आले नाही तर गंभीर चेहरा करून मान हलवायची, एवढेच मला येत होते. मी मान हलवली.

काकी पुन्हा बोलली. मी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा तर मी हातही जोडले!

विलासने मला मिठी मारली. सुनंदा रडू लागली. आणि मला अंगावरून सावली गेल्यासारखे वाटले. पाचही कावळे एकदम उतरले होते. सगळे उठून उभे राहिले. त्या गडबडीत मी डावा बड काढला. पहिले वाक्य ऐकू आले ते एका म्हाताऱ्याचे: "पत्रकार हाय, पन मानूस हाय!"

आपण काय कबूल केले, हे आता शोधणे भाग होते. उघड विचारता येईना. मला सुचली ती जुनी पद्धत, म्हणजे सगळे माहीत असल्यासारखे बोलायचे आणि समोरच्याकडून काढून घ्यायचे.

"मग कधी करायचं म्हणतोस?" मी विलासला विचारले.

"तेराव्यानंतर लगेच. दादा, तू माझ्या डोक्यावरचा डोंगर उतरवलास!"

डोंगर म्हणजे काय, ते त्याने सांगितले नाही. तात्यांची एक गाय होती. माझी सगळी आशा त्या गाईवर होती. गाय सावेडीत नेता येणार नाही, पण मुदत मागता येईल, सोसायटीचे नियम दाखवता येतील. एवढ्यात मघाचे म्हातारेबुवा जवळ आले.

"तुमच्या फ्लॅटातला संडास कमोडचा हाय का?"

"आहे."

"बेस झालं. तिचं गुडघं धरत्यात."

या प्रश्नाने गाय बाद झाली.

तेराव्याला मी खरे सांगायचे ठरवून गेलो. पण तिथे जेवायच्या पंगतीत माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती. "तीनदा इचारलं, तीनदा हो म्हनला!" "हात जोडून!" "अन् शब्द पुरा व्हायच्या आत कावळा खाली!" तात्यांनी स्वतः मंजूर केलेला ठराव रद्द कसा करायचा? मी बुंदीचा लाडू खाल्ला आणि संध्याकाळी काकी, तिची ट्रंक आणि भाकरीचा तवा घेऊन टेम्पोतून नगरला आलो.

काकी खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून बसली. पहिले तीन दिवस ती फार बोलली नाही. मीही नाही. दोघांनीही एकेकटे जेवायची सवय असल्यासारखे जेवण केले. तिला ती सवय तेरा दिवसांची होती. दुपारी मी टेबलाशी परीक्षण लिहायला बसे (मुदत केव्हाच उलटली होती) आणि बड घालायचो, पण तंबोरा लावायचो नाही. ती भाकरी थापायची. तो आवाज बडमधून आरपार येई. मी तो दोष म्हणून लिहिला आणि खोडला.

मनात मात्र एकच चालले होते. ही बाई माझ्या शब्दावर आली आहे आणि तो शब्द मी दिलेलाच नाही. तिला उद्या दुसरीकडून कळले तर ती ट्रंक उचलून निघेल, आणि कुठे जाईल? न सांगावे, तर रोज तिच्या हातची भाकरी खोटे बोलून खायची. चौथ्या दिवशी सकाळी ती ओट्याशी उभी होती, कुकर चढवला होता. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"काकी, एक सांगायचंय. त्या दिवशी घाटावर तू काय विचारलंस, ते मला ऐकूच आलं नव्हतं."

ती वळली नाही. "मला म्हाईत हाय."

"काय?"

"टावेल सरकला हुता तुजा. कानात ती बोंडं दिसत हुती की. एक लुकलुकत बी हुतं."

"मग मला कशाला विचारलंस?"

"ऐकू येनाऱ्या समद्यांना इचारून झालं हुतं, बाबा!"

वीस वर्षांत मी अनेकांना प्रश्न विचारून निरुत्तर केले. असे उत्तर मला कोणी दिले नव्हते.

तिने पदराला हात पुसले आणि आता मात्र वळून माझ्याकडे बघितले. "आता काय न्हाई ना कानात? मग परत इचारते. न्हाई म्हनलास तरी राग न्हाई, इलासला फोन लावून दे. ऱ्हाऊ का म्या हितं?"

"राहा," मी म्हणालो. नेमकी कुकरची शिट्टी झाली.

"काय म्हनलास?"

"राहा म्हटलं!" दुसरी शिट्टी झाली.

"आरं, मोठ्यानं बोल की! सोताशीच बोलत ऱ्हातूस!"

"राहा! इथंच राहा! कुठंही जायचं नाही!" मी सगळा जोर लावून ओरडलो, आणि त्या वेळी शिट्टी झालीच नाही. वाक्य भिंतींवर आदळून जिन्यात गेले असावे.

मिनिटभरात दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ होते. गेल्या सहा वर्षांत आम्ही एकमेकांना नाव विचारले नव्हते. ते संकोचून म्हणाले, "मुलीची परीक्षा आहे हो. जरा शांतता मिळाली तर बरं होईल."

सहा वर्षांत पहिल्यांदाच शेजारी माझ्या दारात काही मागायला आले होते, आणि नेमकी तीच वस्तू घरातून संपली होती!